व्यवस्थापन प्रणालीचे प्रमाणपत्र आणि कंपनीचा नफा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या औद्योगिक वसाहतींतील फौंड्री व मशीनशॉप यांच्या परिव्ययाचे हिशेब मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. पुढील प्रश्न तेथील मालकांनी, त्यांच्या हिशेबनिसांनी आणि धंद्यात नव्याने उतरलेल्या त्यांच्या मुलामुलींनी वेळोवेळी विचारलेले आहेत. उदाहरणे त्यामुळे ओतकामाची आणि वाहनांच्या सुट्या भागांची आहेत, परंतु हिशेबाची रीत इतर उद्योगांनाही लागू पडेल.

हे प्रमाणपत्र नेमके कशाचे असते? आमच्या मालाचे का?

नाही. आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटना, हिचे आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक आहे. त्याचे प्रमाणपत्र मालाचे नसून कामाच्या पद्धतीचे असते. ग्राहकाची मागणी समजून घेणे, त्याप्रमाणे काम आखणे, कामाची मोजणी ठेवणे, चूक झाल्यास तिचे मूळ शोधणे आणि ती पुन्हा होणार नाही अशी तजवीज करणे, एवढे सगळे ठरलेल्या रीतीने चालते की नाही हे त्यात तपासले जाते. कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला भाग, चांगले निघाले की वाईट, हे प्रमाणपत्र सांगत नाही. म्हणूनच व्यवस्थापन प्रणालीच्या प्रमाणपत्राचे चिन्ह मालावर किंवा त्याच्या वेष्टनावर छापण्याची परवानगी नसते.

या मानकाची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये निघाली आणि तिचा पाया १९७९ च्या बीएस ५७५० या ब्रिटिश मानकात होता. पुढे १९९४, २०००, २००८ आणि २०१५ मध्ये त्यात बदल झाले. २०१५ च्या आवृत्तीने गुणवत्ता पुस्तिकेची आणि स्वतंत्र व्यवस्थापन प्रतिनिधीची सक्ती काढून टाकली, तरीही आमच्याकडच्या कित्येक कारखान्यांत जाडजूड पुस्तिका अजून नव्याने छापली जाते आणि तिचा खर्च मात्र मानकाच्या नावावर मांडला जातो.

प्रमाणपत्र आयएसओ ही संस्थाच देते ना?

ती संस्था मानके लिहिते. कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम प्रमाणन संस्था करतात आणि या प्रमाणन संस्थांची पात्रता तपासण्यासाठी मान्यता मंडळे असतात. भारतात एनएबीसीबी हे भारतीय गुणवत्ता परिषदेचे मंडळ हे काम पाहते, ब्रिटनमध्ये यूकेएएस.

प्रमाणपत्र घेतल्याने नफा वाढतो का?

वाढू शकतो, पण दोन अगदी वेगळ्या वाटांनी, आणि या दोन वाटांची गल्लत हेच बहुतेक निराशेचे कारण असते.

पहिली वाट कारखान्याच्या फाटकाबाहेरची आहे. प्रमाणपत्र असल्यामुळे एखादा ग्राहक आपल्याला चौकशी पाठवतो, निविदेत भाग घेता येतो, निर्यातीचा दरवाजा उघडतो. येथे कारखान्याच्या आत काहीही बदलले नाही तरी विक्री वाढू शकते. दुसरी वाट आतली आहे : रिजेक्शन (बाद होणारा माल) घटते, रिवर्क (पुन्हा करावे लागणारे काम) घटते, माल वेळेवर जातो, अडकलेला साठा मोकळा होतो. येथे बाहेरच्या कोणाला प्रमाणपत्राचा पत्ता नसला तरी खर्च उतरतो.

माझ्या पाहण्यात दहापैकी आठ मालक पहिल्या वाटेसाठी पैसे भरतात, ‘ग्राहकाने मागितले म्हणून’, आणि वर्षाअखेर ताळेबंद हातात आला की दुसऱ्या वाटेचा लाभ त्यात शोधू लागतात. जे काम केलेच नाही त्याचा लाभ दिसणार कुठून? या दोन लाभांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले, तर निदान आपण कशासाठी पैसे दिले आणि काय मिळाले हे कळते.

यावर गंभीर संशोधन झाले आहे का, की सगळे सल्लागारांचेच म्हणणे आहे?

भरपूर झाले आहे. चार्ल्स कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शेअर बाजारात नोंदलेल्या उत्पादक कंपन्यांची १९८७ ते १९९७ या काळातील आकडेवारी तपासली. प्रमाणपत्र घेणाऱ्या प्रत्येक कंपनीसमोर त्याच उद्योगातील, साधारण तेवढ्याच आकाराची आणि तेवढीच कमाई असलेली, पण प्रमाणपत्र न घेतलेली कंपनी ठेवून त्यांनी तुलना केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पहिले प्रमाणपत्र घेण्याच्या निर्णयानंतर कंपन्यांची आर्थिक कामगिरी तुलनेत लक्षणीय सुधारली. ही सुधारणा नेमकी केव्हा आणि किती, हे तुलनेसाठी कोणत्या कंपन्या घेतल्या यावर अवलंबून होते. तीन वर्षांनंतर मात्र कोणत्याही रीतीने तुलना केली तरी फरक ठळक दिसत होता.

डेव्हिड लेव्हिन आणि मायकेल टॉफेल यांनी २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे १,००० कंपन्यांचा अभ्यास मांडला. प्रमाणपत्र घेतलेल्या कंपन्या तगून राहण्याचे प्रमाण अधिक होते, त्यांची विक्री आणि कामगारसंख्या अधिक वाढली आणि एकूण वेतनही अधिक वाढले. हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘आयएसओ आले म्हणजे कामगारांच्या मागे कागदांचे शुक्लकाष्ठ लागले’ एवढीच त्याची ख्याती आमच्या शॉपवर आहे.

तिसरा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. अॅन टेरलाक आणि अँड्र्यू किंग यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील कारखान्यांबाबत दाखवले की प्रमाणपत्रानंतर कारखाने वेगाने वाढले, परंतु कामकाजातील सुधारणा या वाढीचे कारण म्हणून पुरी पडत नव्हती. शिवाय ज्या धंद्यांत खरेदीदाराला पुरवठादाराची माहिती मिळवणे अवघड होते, तेथे ही वाढ अधिक होती. म्हणजे प्रमाणपत्र ओळखपत्रासारखे काम करत होते. याचा आपल्या परिसरापुरता अर्थ असा लावता येईल : आपला ग्राहक भोसरीत बसत असेल, त्याचा माणूस दर पंधरवड्याला आपल्या शॉपवर येऊन स्वतः व्हर्निअर लावून जात असेल, तर आपल्या प्रमाणपत्राने त्याला नवे काही कळत नाही. तोच ग्राहक जर्मनीत असेल आणि त्याने शिरोली नकाशावरसुद्धा पाहिले नसेल, तर त्याच प्रमाणपत्राची किंमत कितीतरी पट वाढते.

मुळात चांगल्या चालणाऱ्या कंपन्याच प्रमाणपत्र घेत असतील, तर श्रेय प्रमाणपत्राला कसे द्यायचे?

ही शंका रास्त आहे. स्पेनच्या बास्क प्रांतातील ४०० प्रमाणित आणि ४०० अप्रमाणित कंपन्यांची तुलना करणारा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाणित कंपन्या अधिक नफ्यात होत्या हे त्यात दिसले, पण त्या प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीही अधिक नफ्यातच होत्या. ज्याच्या हातात चार पैसे आहेत आणि ज्याचे घर नीट आहे, तोच पाहुण्याला आत बोलावतो. पाहुणा आल्यामुळे घर नीट झाले असे म्हणता येत नाही. वर उल्लेखलेल्या अमेरिकी अभ्यासांत जोड्या लावून हा दोष बराचसा दूर केलेला आहे, पण तो पूर्णपणे दूर करता येत नाही, कारण प्रमाणपत्र घ्यायचे की नाही हे कंपनी स्वतः ठरवते, कोणी चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेला एखादा प्रयोग आहे का?

प्रमाणपत्राचा मला माहीत नाही, पण त्यामागच्या कामाचा आहे, आणि तो आपल्याच दाराशी झाला. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव परिसरातील १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांवर हा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांना यदृच्छेने निवडून व्यवस्थापनाचे सविस्तर साह्य दिले गेले आणि बाकीच्यांशी तुलना झाली. शिकवलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या : दोषांची रोज नोंद ठेवून तिच्यावर बैठक घेणे, यंत्रांची ठरावीक काळाने देखभाल, सुताच्या साठ्याची मोजदाद, जमीन स्वच्छ ठेवणे. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. कापडातील दोष कमी झाले, साठा घटला.

यापैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट आयएसओ ९००१ च्या कोणत्या ना कोणत्या कलमात बसते. त्या कारखान्यांना मात्र कोणी भिंतीवर लावायला चौकट दिली नव्हती.

आमच्या फौंड्रीत हा आतला पैसा कुठे दडलेला असतो?

बहुधा शेडच्या मागे. एका फौंड्रीत रिजेक्शनचे रजिस्टर मी पाहिले. महिनाभर दररोज अडीच ते तीन टक्के, सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, जणू एका बैठकीत लिहिलेल्या. ऑडिटरनेही ते पाहिले होते आणि खाली सही केली होती. मग मी चार्जची, म्हणजे भट्टीत टाकलेल्या धातूची, नोंद आणि पाठवलेल्या मालाचे वजन समोरासमोर मांडले, धावे-फीडर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटांत गोठलेला भाग) आणि वितळताना जळून जाणारा भाग वजा केला, तेव्हा फरक सात टक्क्यांच्या घरात गेला. शेडच्या मागे पत्र्याच्या आडोशाला खडूने फुली मारलेल्या पंप हाउसिंगचा ढीग होता. रात्रपाळीच्या फर्नेसवाल्याने मला सरळ सांगितले, “हे आम्ही रात्रीच्या चार्जमध्ये टाकतो, साहेब. सकाळी जागा मोकळी लागते.” ते कास्टिंग वजनकाट्यावरून जातच नव्हते, म्हणून ते कागदावर कधी बिघडलेच नव्हते.

तेथे आम्ही एकच नियम केला : फुली मारलेला नग काट्यावरून गेल्याशिवाय आणि त्याचा दोष लिहिल्याशिवाय फर्नेसजवळ न्यायचा नाही. ब्लो होल (वायूने पडलेली पोकळी), वाळू गळणे, कोल्ड शट (धातू नीट न जुळता गोठणे), कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) सरकणे, एवढेच चार रकाने. दुसऱ्या महिन्यातच दिसले की निम्म्याहून अधिक ढीग दोनच पॅटर्नचा (साच्याच्या नमुन्यांचा) आहे आणि त्यातील एकाच्या कोअरचे वायू बाहेर पडायला पुरेशी वाटच नाही. त्या कारखान्याकडे तेव्हा सहा वर्षांपासून प्रमाणपत्र होते.

रिजेक्शन कमी झाल्याचे पैशात किती मोजायचे? कास्टिंग तर आम्ही पुन्हा वितळवतोच.

येथे दोन उलट चुका होतात. काही जण बिघडलेला नग विक्रीच्या भावाने मोजतात, तो आकडा फुगतो. काही जण ‘लोखंड कुठे गेले, ते तर परत भट्टीत आले’ म्हणून नुकसान शून्य धरतात. खरे नुकसान मधे असते : धातू परत मिळतो, पण वीज, वाळू, बाइंडर (वाळू बांधणारा पदार्थ), मजुरी, वितळताना जळून जाणारा धातू आणि साफसफाई हे गेलेले असते.

एक काल्पनिक फौंड्री धरू. ती महिन्याला २०० टन चांगला माल पाठवते, भाव किलोला १०० रुपये, म्हणजे वर्षाची विक्री २४ कोटी. रिजेक्शन सहा टक्के असेल, तर २०० टन चांगला माल मिळण्यासाठी तिला सुमारे २१२.८ टन कास्टिंग ओतावे लागते. चार टक्के असेल, तर २०८.३ टन. फरक सुमारे ४.४ टनांचा. दर किलोमागे परत न मिळणारा खर्च २५ रुपये धरला, तर महिन्याला सुमारे १ लाख १० हजार आणि वर्षाला सुमारे १३ लाख रुपये होतात. विक्रीच्या मानाने हे अर्ध्या टक्क्याहून थोडेसेच अधिक. परंतु निव्वळ नफा विक्रीच्या पाच टक्के, म्हणजे १ कोटी २० लाख असेल, तर हेच १३ लाख नफ्याच्या ११ टक्के ठरतात. नफा-तोटा पत्रकात हा आकडा कोठेही स्वतंत्र दिसत नाही. तो वीजबिलात, मजुरीत आणि वाळूच्या खरेदीत विरघळलेला असतो.

हाच नग मशीनिंग झाल्यावर फुटला, तर मशीनचे तास आणि टूलिंग (हत्यारांचा खर्च) त्यात मिळवावे लागते. तो ग्राहकाच्या लाइनवर सापडला, तर जाण्यायेण्याचे भाडे, आपला माणूस तेथे पाठवून केलेली निवड, डेबिट नोट (ग्राहकाने बिलातून कापलेली रक्कम) आणि पुढच्या दरवाटाघाटीत खाली गेलेली मान, हे सगळे आले. गुणवत्तेच्या खर्चाचे प्रतिबंध, तपासणी, आतील बिघाड आणि बाहेरील बिघाड असे चार भाग करण्याची पद्धत गुणवत्तातज्ज्ञ आर्मांड फायगेनबाम यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. आमच्या भागातील हिशेबनिसांनी यातले निदान शेवटचे दोन भाग दर महिन्याला एका कागदावर मांडले, तरी पुष्कळ काम होईल.

हे मांडणे मानकानुसार सक्तीचे आहे का?

आयएसओ ९००१ मध्ये नाही. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात मात्र व्यवस्थापनाच्या आढावा बैठकीत निकृष्ट गुणवत्तेचा खर्च, आतला आणि बाहेरचा, ठेवलाच पाहिजे. ज्यांना सक्ती नसतानाही मार्गदर्शन हवे आहे त्यांच्यासाठी आयएसओ १००१४ हे गुणवत्ता व्यवस्थापनातून आर्थिक लाभ कसा मिळवावा यावरचेच स्वतंत्र मानक आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे ते फारसे कोणी वाचत नाही.

आयएटीएफचा खर्च वेगळा आणि जास्त का येतो?

कारण ते अधिक खोल आहे. २०१६ मध्ये त्याने आधीच्या टीएस १६९४९ ची जागा घेतली. नवीन भागाच्या विकासाची आखणी, पहिल्या नमुन्यांची मान्यता, दोषशक्यतेचे विश्लेषण, मोजमाप साधनांचा अभ्यास आणि संख्याशास्त्रीय नियंत्रण, ज्यांना शॉपवर सगळे एपीक्यूपी, पीपीएपी, एफएमईए, एमएसए आणि एसपीसी म्हणतात, ती पाचही साधने प्रत्यक्ष वापरात दाखवावी लागतात. पहिल्या ऑडिटपूर्वी बारा महिन्यांची कामगिरीची आकडेवारी आणि अंतर्गत ऑडिट तयार असावे लागतात. मोठी त्रुटी निघाल्यास प्रमाणपत्र स्थगित होण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते आणि ग्राहकाला ते कळते. वाहन कंपन्यांच्या पुरवठा साखळीत येथे प्रमाणपत्र म्हणजे प्रवेशाचे तिकीट आहे. तिकीट काढल्याने नफा वाढतो का, असे कोणी विचारत नाही. तिकिटाशिवाय गाडीत बसता येत नाही एवढेच. त्यामुळे त्याचा हिशेब करताना ‘प्रमाणपत्रामुळे किती मिळाले’ यापेक्षा ‘हे ग्राहक गेल्यास किती जाईल’ हा आकडा काढावा.

एकूण खर्चात काय काय धरावे?

प्रमाणन संस्थेची फी हा सर्वांत लहान भाग असतो. सल्लागाराची फी, उपकरणांचे कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक आहे का याची तपासणी), प्रशिक्षणात गेलेले कामाचे तास, नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा पगार आणि मालकाचा स्वतःचा वेळ हे सगळे धरावे. यांपैकी शेवटची बाब कोणीच धरत नाही आणि तीच सर्वांत महाग असते.

प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते : आरंभी दोन टप्प्यांचे ऑडिट, मधल्या वर्षांत सर्व्हेलन्स (देखरेखीचे) ऑडिट आणि शेवटी पुन:प्रमाणन. खर्च एका वर्षाचा न धरता या तीन वर्षांच्या चक्राचा धरला, तर तुलना नीट होते.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या झेड (शून्य दोष, शून्य दुष्परिणाम) योजनेचा येथे उल्लेख केला पाहिजे, जरी ती आयएसओचा पर्याय नाही. एप्रिल २०२२ मध्ये नव्या रूपात सुरू झालेल्या या योजनेत कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे स्तर असून त्यांची फी अनुक्रमे १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये ठेवण्यात आली, आणि तीत सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० व मध्यम उद्योगाला ५० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. ज्यांच्या ग्राहकाने आयएसओ मागितलेले नाही, पण ज्यांना घराची घडी बसवायची आहे, त्यांनी तेथून सुरुवात केली तर पैसे वाचतात.

आठवड्यात प्रमाणपत्र देणारे लोक फोन करतात. घ्यावे का?

घेऊ नये. ऑडिटला किती दिवस द्यायचे हे प्रमाणन संस्थेच्या मर्जीवर नसते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय तक्ता आहे. आयएसओ ९००१ साठी ४६ ते ६५ माणसांच्या कारखान्यात पहिल्या प्रमाणनाचे मूळ ऑडिट पाच मनुष्य-दिवसांचे धरले जाते, ८६ ते १२५ माणसांसाठी सात दिवसांचे, आणि कामाच्या स्वरूपानुसार त्यात ठरावीक मर्यादेतच कपात करता येते. आपल्याकडे ६० माणसे असतील आणि ऑडिटर सकाळी येऊन जेवणानंतर निघून जाणार असेल, तर आपण ऑडिट विकत घेत नसून कागद विकत घेत आहोत. जी संस्था सल्लाही देते आणि प्रमाणपत्रही देते, तिच्यापासूनही दूर राहावे. मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेला सल्लागारीची मनाई आहे. प्रमाणपत्रावर मान्यता मंडळाचे चिन्ह आहे का आणि ते संबंधित मंडळाच्या किंवा आंतरराष्ट्रीय मंचाच्या संकेतस्थळावर पडताळता येते का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. परदेशी ग्राहक ते पाहतोच.

ऑडिटरला पैसे आम्हीच देतो. मग तो कडक कसा राहणार?

हा प्रश्न मालक हसत विचारतात, पण तो या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी जाणारा आहे. एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी गुजरातमध्ये प्रदूषणाच्या ऑडिटवर दोन वर्षे प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. जेथे कारखाना स्वतः ऑडिटर निवडून त्याला पैसे देत होता, तेथील मोजमापे संशयास्पदरीत्या मर्यादेच्या जेमतेम खाली येऊन थांबलेली दिसत. जेथे ऑडिटर यदृच्छेने नेमला, पैसे सामाईक निधीतून दिले आणि त्याच्या मोजमापांची अधूनमधून फेरतपासणी केली, तेथे अहवाल खरे येऊ लागले आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले.

तो प्रयोग प्रदूषणाचा होता, आयएसओचा नव्हे. पण पैशाचे नाते तेच आहे. सौम्य ऑडिटर मिळाला म्हणून आनंद होतो तेव्हा एक हिशेब मनात करावा : तीन दिवसांची फी भरून आपण एका अनुभवी माणसाला बोलावले आणि शेडच्या मागे काय आहे हे त्याला पाहू दिले नाही.

पर्यावरण आणि सुरक्षेच्या प्रमाणपत्रांचा आर्थिक परिणाम कसा असतो?

पर्यावरणाचे आयएसओ १४००१ हे १९९६ पासूनचे, तर सुरक्षेचे आयएसओ ४५००१ हे मार्च २०१८ मधले. त्यापूर्वी ओएचएसएएस १८००१ होते. या जुन्या सुरक्षा मानकाबाबत अमेरिकेतील शेअर बाजारात नोंदलेल्या उत्पादक कंपन्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरक्षेबरोबरच विक्रीवाढ, श्रम-उत्पादकता आणि नफा यांतही सुधारणा दिसली. पर्यावरणाच्या बाबतीत फौंड्रीला लाभ दिसतो तो प्रामुख्याने वाळूच्या पुनर्वापरात आणि विजेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मात्र प्रमाणपत्र असो वा नसो, घ्यावीच लागते.

बँक व्याज कमी करते का?

केवळ प्रमाणपत्र पाहून बँक दर उतरवेल अशी अपेक्षा ठेवू नये. बँक ताळेबंद, रोख प्रवाह आणि तारण पाहते.

सगळे ठरलेल्या पद्धतीने करू लागलो, तर नवीन काही सुचणे थांबेल का?

काही अंशी धोका आहे. मेरी बेनर आणि मायकेल टशमन यांनी अमेरिकेतील रंग आणि छायाचित्रण या दोन उद्योगांचा २००२ मध्ये अभ्यास मांडला. प्रक्रियांवर भर वाढला तसे आहे त्याच ज्ञानात भर घालणारे शोध वाढले, पण अगदी नव्या वाटेचे शोध त्या प्रमाणात मागे पडले. ठेक्यावर दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे कास्टिंग करणाऱ्याला याची फारशी चिंता नाही. स्वतःचे उत्पादन असलेल्या, म्हणजे पंप, व्हॉल्व्ह किंवा शेतीची अवजारे स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कारखान्याने मात्र नमुने तयार करण्याचा विभाग नेहमीच्या नोंदींच्या जाळ्यात ओढू नये. त्याच्यासाठी हलकी, वेगळी पद्धत लिहिण्यास मानकाची काही हरकत नाही.

परिणाम दिसायला किती काळ लागतो, आणि तो टिकतो का?

बाहेरचा परिणाम पहिल्या मोठ्या ऑर्डरबरोबर दिसतो किंवा दिसतच नाही. आतल्या परिणामाला दोन ते तीन वर्षे द्यावीत.

टिकण्याचे म्हणाल, तर तारापूरच्या त्याच संशोधकांनी नऊ वर्षांनी त्या कारखान्यांत पुन्हा जाऊन पाहिले. रुजवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या, तरी साह्य न मिळालेल्या कारखान्यांच्या ते अजूनही बरेच पुढे होते. पद्धती सुटण्याची जी कारणे वारंवार पुढे आली, त्यांत व्यवस्थापक बदलणे आणि मालकाला वेळ नसणे ही दोन होती. आमच्याकडेही हेच घडते. नोंदी ज्याच्या अंगवळणी पडल्या होत्या तो सुपरवायझर चार हजार रुपये जास्त मिळतात म्हणून चाकणला जातो, आणि तीन महिन्यांत रजिस्टर पुन्हा एका शाईत लिहिले जाऊ लागते.

प्रमाणपत्र सोडून देणे कधी योग्य ठरते?

तीन वर्षांच्या चक्रात एकाही ग्राहकाने ते मागितले नसेल, नवीन चौकशीत त्याचा उल्लेख आला नसेल आणि पुढेही येण्याची चिन्हे नसतील, तर पुन:प्रमाणनाचा खर्च टाळण्यात गैर काही नाही. त्याआधी प्रत्येक चालू खरेदी आदेशाच्या अटी वाचाव्यात. पुष्कळदा ती अट पाचव्या पानावर बारीक अक्षरांत असते आणि कोणी बोलत नसते. सोडायचे ठरले, तर मुदत संपण्यापूर्वी ग्राहकांना लेखी कळवावे, आणि पत्रशीर्षावरील, भेटपत्रावरील व फाटकावरच्या फलकावरील प्रमाणनाचे चिन्ह मुदत संपेल त्याच दिवशी उतरवावे. वजनकाटा आणि चार रकान्यांचे रजिस्टर यांना मात्र कोणतीही मुदत नसते. त्यांची फी कोणी मागत नाही, तेव्हा ते चालू ठेवावे.